पीएचपी मेली म्हणे! मग आडतीचे भाव कोण दाखवतंय?

परवा औशाहून बहिणीचा फोन आला. "दादा, पोराची ती भाषा मेली म्हनं. दुसऱ्या क्लासला ८५ हजार भरावं लागतेत. सोयाबीन मोंढ्यावर घालू का?"

भाव येईल म्हणून दिवाळीपासून थप्पी लावून ठेवलेलं सोयाबीन. भाचा लातूरला बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पीएचपीत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका भाषेत, अर्धा झालाय. त्याला म्हणलं, तो मेसेज मला पाठव. पाठवला. मेसेजात पाच गोष्टी आहेत: पीएचपी मेलेली भाषा आहे, ती हळू आहे, तिच्यातली साइट हॅक होतेच, फेसबुकनंसुद्धा ती सोडली आणि ती शिकणाऱ्याला नोकरी नाही. शेवटी एका क्लासचा नंबर, 'मर्यादित जागा'. म्हणजे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच.

मी पंधरा वर्षं याच भाषेवर पोट भरतोय, तेव्हा मी पक्षपाती आहे हे आधीच धरून चाला.

मेली म्हणजे नेमकं काय झालं? डब्ल्यूथ्रीटेक्स नावाचं सर्वेक्षण रोज मोजदाद करतं. ज्या साइटची सर्व्हरवरची भाषा ओळखू येते, त्यांतल्या ७० टक्क्यांहून जास्त पीएचपीवर आहेत. नुसतं वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, पीएचपीतच लिहिलेलं) धरलं तरी जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट होतात. त्यात वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्याही असणार, मान्य. पण मयताला दरवर्षी बारसं करत नाहीत. या भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येते, ८.४ नोव्हेंबर २०२४ ला आली. रास्मस लेरडॉर्फनं १९९४ मध्ये आपल्या बायोडाटाच्या पानावर कोण येऊन जातं हे बघायला हिची सुरुवात केली. आमचं नांदेडचं विद्यापीठही १९९४ चंच. तेही मेलं म्हणायचं का?

हळू असल्याचं एका वाक्यात उरकतो. डिसेंबर २०१५ ला पीएचपीची ७.० आवृत्ती आली तेव्हा वेग आधीच्या जवळपास दुप्पट झाला, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या साइट हळू उघडतात त्या भाषेमुळं नाही, चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचा ८ एमबीचा फोटो पहिल्याच पानावर असतो म्हणून.

आता हॅकचं. हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण या वाक्यानं पोरं घाबरतात आणि खरी चूक तशीच राहते. आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेच्या साइटवर एका सकाळी परदेशी औषधांच्या जाहिराती झळकल्या. मला बोलावलं. बघतो तर पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढं १२३. साइटच्या रंगरूपाची विकतची थीम कुणीतरी टेलिग्रामवरून फुकट उचललेली, तिच्यात आधीपासूनच चोरदरवाजा. अपडेट चार वर्षं नाही. दाराला कुलूप लावायचं नाही आणि चोरी झाली की गवंड्याला शिव्या घालायच्या!

पण इथं एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. पीएचपीनं एके काळी वाईट सवयी लावल्या. रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती, तिच्यामुळं साइटच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) काहीही लिहून पाठवलं की ते थेट प्रोग्राममधलं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा डबा, व्हायचं. ती २००२ मध्ये आपोआप चालू असणं बंद झालं आणि २०१२ मध्ये मुळापासून काढली. पत्त्यातला आकडा तसाच उचलून क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, चिकटवायचा, हीसुद्धा त्याच काळातली खोड. तोडगा मात्र २००५ पासून सोबतच येतो: पीडीओ, डेटाबेसशी बोलायची नवी सोय. क्वेरी आधी वेगळी तयार करायची आणि आकडा नंतर द्यायचा, म्हणजे आलेला मजकूर हुकूम म्हणून चालतच नाही. डेटाबेसला जोडणारी जुनी मायएसक्यूएल_कनेक्टची फंक्शनं तर ७.० मध्ये उडवलीच.

आणि भाच्याच्या जर्नलमध्ये काय आहे? मायएसक्यूएल_कनेक्ट. २०१५ ला भाषेनं काढून टाकलेलं फंक्शन पोरं प्रॅक्टिकलला पाठ करायलेत. नव्या आवृत्तीवर चालवलं की 'अनडिफाइन्ड फंक्शन' म्हणून लाल ओळ येते, म्हणून लॅबमध्ये जुनीच आवृत्ती टाकून ठेवलीय. मेसेजवाल्यानं यावर बोंब मारली असती तर मीच चार ग्रुपांवर पुढं ढकलली असती.

फेसबुकनं सोडली, हे अर्धं खरं. २००४ मध्ये ते पीएचपीतच सुरू झालं. पसारा वाढला तेव्हा त्यांनी पीएचपी चालवायचं स्वतःचं इंजिन बांधलं आणि २०१४ मध्ये हॅक नावाची भाषा काढली, जी पीएचपीच्याच पोटची. याचा दुसरा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. विकिपीडियावाले त्याच सुमारास फेसबुकच्या इंजिनावर गेले होते, ते २०१९ मध्ये परत साध्या पीएचपीवर आले. मराठी विकिपीडियाही त्यातच. भाच्यानं प्रोजेक्टच्या प्रस्तावनेचा मजकूर तिथूनच उचललाय, तेवढं मला कळतं.

मला स्वतःला पीएचपीचा राग कशाचा येतो, ते या मेसेजात नाहीच. 'परभणी' या शब्दाची लांबी स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारा, १५ सांगतं. ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. एका आडतीच्या भावाच्या तक्त्यात मी बाजाराचं नाव दहावर कापलं होतं. दुसऱ्या दिवशी आडत्याचा फोन: "साहेब, हे परभ काय गाव हाय? पुढं चौकोनात प्रश्नचिन्ह कशाचं?" बाइटऐवजी अक्षरचिन्हं मोजून कापणारं एमबी_सबस्ट्र वापरलं की मिटतं, पण ते आधी ठाऊक पाहिजे. युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) भाषेच्या मुळातच घालणारी सहावी आवृत्ती येणार येणार म्हणता बारगळली आणि पाचानंतर थेट सात आली. सतत जोडलेलं राहायचं चॅटसारखं काम असेल तर मीही नोडकडं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टकडं, जातो.

पण तो तक्ता बघा. रोज सकाळी भाव भरतात, दिवसभर गावोगावचे शेतकरी मोबाइलवर बघतात. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग आहे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट. दुरुस्ती करायची म्हणजे एक फाइल बदलून वर टाकायची; लाइट गेली तरी मोबाइलच्या नेटवरून होतं. प्रत्येक विनंती नव्यानं सुरू होते आणि काम झालं की संपते, त्यामुळं एका पानात माझी चूक झाली तर बहुधा तेवढंच पान पडतं, बाकीचं दुकान चालू राहतं. आडत्याला एवढंच पाहिजे.

नोकरीचं मग आपोआप आलंच. पुण्यातल्या मोठ्या कंपन्या दुसरं मागतात, खरंय. जावास्क्रिप्ट तर यायलाच पाहिजे. पण लातूर-नांदेड-परभणीतल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था यांच्या ज्या साइट माझ्याकडं दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेक वर्डप्रेसच्या, नाहीतर लॅराव्हेल या पीएचपीच्याच चौकटीत बांधलेल्या. माझ्याकडं दोन पोरांची जागा सहा महिने रिकामी आहे. त्यासाठी ८५ हजार भरून कुणी येऊ नये.

बहिणीला म्हणलं, सोयाबीन राहू दे. भाचा काल रात्री दोनपर्यंत बसून मायएसक्यूएल_कनेक्ट काढून पीडीओ घालत होता. चाललं. सकाळी त्याचा मेसेज: "मामा, परीक्षेला जर्नलमधलंच लिहा म्हणतेत सर. काय करू?"

दोन्ही लिही म्हणलं.