कॅल्शियमचा उल्लेख हवा होता

पाळीआधीची चिडचिड आणि गोडाची तलफ यांवर लेखात फक्त मॅग्नेशियम सुचवलंय. कॅल्शियम कसं राहिलं? जास्त भक्कम पुरावा त्याचाच आहे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी घटला, नुसत्या साखरगोळीने (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी) ३० टक्क्यांनी. खाण्याची तलफही त्यात मोजली होती. म्हणजे आठवड्याभरात गुण येत नाही, धीर धरावा लागतो.

एकदम सगळा डोस घेऊ नका, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषलं जातं. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या, हे कुणी सांगतच नाही! मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.