गोळी एकची म्हणजे एकलाच!

"बाबा तर ठणठणीत आहेत की, तुम्ही उगाच बाऊ करता" हे वाक्य आता कोणी उच्चारलं ना तर मी खरंच भांडणार आहे. अहो, बाबांना पार्किन्सन आहे, आणि तुम्ही आलात तेव्हा गोळी घेऊन तास झाला होता, म्हणजे ती ऐन भरात होती! तो चांगला तास तुमच्याशी गप्पा मारण्यात गेला, त्यात बाबांची आंघोळ उरकायची होती, ती राहिली ती राहिलीच.

या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून ते भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीवर गाडी चालते. सुरुवातीची काही वर्षं एक गोळी आरामात निभावून न्यायची, आता तीन तासांत उतरते, कधी त्याच्याही आधी. आणि उतरली की हाच हसणारा बोलणारा माणूस बाथरूमच्या दारात खिळतो, अंग पुढे निघालेलं आणि पाय फरशीला चिकटलेले. ओढायचं नाही, ओढलं की तोंडावर पडतात. आई खाली आपला पाय आडवा ठेवते आणि म्हणते "माझ्या पायावरून पाय पलीकडे टाका" आणि काय गंमत, टाकतात! हे बघून आत्या म्हणे, "बघ, जमतंय की, मग मघाशी मुद्दाम करत होता का?" काय बोलायचं यावर!

वर "हात कुठे थरथरतायत, मग पार्किन्सन कसला" हे आहेच. सगळ्यांना कंप नसतो हो. चेहऱ्याचे स्नायू आखडतात म्हणून भाव दिसत नाहीत, तर पाहुणे रुसतात की दादा आमच्यावर रागावलाय. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, दोनशेच्या वर वर्षं झाली, आमच्या नातेवाइकांपर्यंत अजून पोचलेला नाही.

आईचं तर कोणी विचारतच नाही. बाबा झोपेत ओरडतात, लाथा मारतात, स्वप्नातली मारामारी पलंगावर चालते, तेही याच आजारातलं. ती रात्रभर अर्धवट जागी, दिवसा घड्याळाकडे डोळे, कारण गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी जायला हवी, प्रोटीनच्या जेवणासोबत गेली की नीट लागूच पडत नाही. मग कोणाकडे गेलं की "अहो जेवून घेऊ दे ना आधी, पंधरा मिनिटांनी काय होतंय". काय होतंय ते तुम्ही घरी गेल्यावर आम्ही बघतो!

पण सगळ्यात डोकं फिरलं ते दुसऱ्याच कारणासाठी ॲडमिट केलं तेव्हा. सिस्टर म्हणाल्या, गोळ्या राउंडच्या वेळेलाच मिळतील. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं की ही उशिरा चालत नाही, पण ऐकतंय कोण. मिळाली तोवर बाबा लाकडासारखे कडक, कूस बदलता येईना, घोट गिळता येईना, आणि फाइलवर काय लिहिलं, तर पेशंट सहकार्य करत नाही!! त्यात मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड द्यायला निघाले होते, ते डोपामिनलाच अडवतं, पार्किन्सनच्या पेशंटला देत नाहीत, हे मी सांगायचं?

आता पुन्हा तशी वेळ आली तर न्यूरॉलॉजिस्टकडून वेळा लेखी आणून बेडच्या डोक्याशी चिकटवणार आहे, आणि डोस चुकला की चुकवणाऱ्याची खाली सही घेणार.