‘अर्ध्या तासाचं कॉपी-पेस्ट, तीन दिवस रखडवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. सोमवारी ‘उद्या संध्याकाळी घेऊन जा’ असं मीच म्हणालो होतो आणि कॉम्प्युटर तुम्हाला मिळाला गुरुवारी. मधे एकदा आमच्या दुकानातला मुलगा तुमच्याशी तुटकपणे बोलला, तेही चुकलंच.

पण ‘अर्ध्या तासाचं कॉपी-पेस्टचं काम मुद्दाम रखडवून दीड हजार उकळले’ हे वाक्य वाचलं आणि जेवण गेलं नाही. नारायण पेठेत अठरा वर्षं दुकान चालवतोय. ‘उकळले’ हा शब्द आजवर कुणी आमच्यासाठी वापरला नव्हता.

मॅडम, हे कॉपी-पेस्ट नव्हतं. तुमची ५०० जीबीची हार्ड डिस्क भरली म्हणून आपण २ टीबीची घातली. नुसत्या फाईली उचलून टाकल्या तर फाईली येतात, पण त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. विंडोज, पेजमेकर-कोरलसारखी सॉफ्टवेअर, मराठी फॉन्टचं श्रीलिपी, प्रिंटरची सेटिंग्ज सगळं होतं तसं हवं असेल तर अख्ख्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे हुबेहूब नक्कल, करावं लागतं. मंगळवारी सकाळी मी फोन करून विचारलं होतं, की नवीन विंडोज टाकू का, संध्याकाळपर्यंत होईल. तुम्ही म्हणालात, ‘सॉफ्टवेअरच्या सीडी कुठे आहेत ते माहीत नाही, जसंच्या तसं द्या.’ म्हणून जसंच्या तसं दिलं.

धडधाकट ५०० जीबीची डिस्क दीड-दोन तासांत क्लोन होते. त्याच हिशोबाने मी ‘उद्या’ म्हणालो. तुमची डिस्क सोमवारी रात्री ६१ टक्क्यांवर अडकली, कारण बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा. खराब जागा आली की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि काम तिथंच थांबतं. जबरदस्ती केली तर डिस्क कायमची जाऊ शकते. म्हणून आधी चांगला भाग काढून घ्यायचा आणि खराब जागांकडे नंतर सावकाश वळायचं, असं ठरवलं. मंगळवारी रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून मी बसलो होतो. डिस्क तापू नये म्हणून टेबल फॅन तिच्यावर लावला होता, आतून टक-टक आवाज येत होता. एक टक्का पुढे सरकायला चाळीस मिनिटं लागत होती.

त्याआधी मंगळवारी दुपारी तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन आलात, मंडळाच्या अहवालाची फाईल आत्ताच्या आत्ता हवी म्हणून. तुमची अडचण खरी होती, म्हणून चालू काम थांबवून फाईल काढून दिली. पण नंतर डिस्क परत लावली तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, दिसेचना. अडीच तास त्यात गेले. रिव्ह्यूमध्ये याचा एक शब्दही नाही, याचं वाईट वाटलं.

बुधवारी रात्री क्लोन पूर्ण झालं. क्लोनमध्ये सी ड्राइव्ह जुन्याच मापाचा येतो, म्हणून गुरुवारी तो मोठा केला. मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आडवं आलं होतं, ते हलवल्याशिवाय जागा वाढत नाही. मग तुमचे जुने अहवाल उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का तेही पाहिलं.

‘२ टीबी सांगून १८६२ जीबीच दिली’ असंही लिहिलंय. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. कुठल्याही दुकानातून २ टीबीची डिस्क आणा, एवढीच दिसेल.

दीड हजार हा सोमवारीच सांगितलेला क्लोनिंगचा दर. रात्रीच्या कामाचा एक रुपयाही जास्त लावलेला नाही. यापुढे डिस्क तपासल्याशिवाय वेळ सांगणार नाही, उशीर झाला तर आम्हीच कळवू, आणि मुलालाही समज दिली आहे.

हल्ली गिऱ्हाईक फोन करण्याआधी स्टार बघतं. दुकान भाड्याचं आहे, दोन मुलांचे पगार यावरच निघतात. स्टार हवे तेवढे द्या, फक्त ‘उकळले’ आणि ‘मुद्दाम’ हे दोन शब्द काढता आले तर पाहा. आणि जुनी डिस्क पिशवीत घालून दिली आहे, ती वापरायला काढू नका. नव्या डिस्कचा बॅकअप घ्यायला कधीही या, त्याचे पैसे घेणार नाही.