‘अमेरिकेत हेबिअस कॉर्पसला मुदतच नाही’ हे साफ चूक आहे

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: अमेरिकेतला कैदी हवं तेव्हा फेडरल (केंद्रीय) कोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा, अर्ज करतो, त्याला मुदत नसते, आणि उशीर झालाच तर वकिलाची चूक म्हणून कोर्ट सांभाळून घेतं.

गैरसमज कुठून येतो ते कळतं. आपल्याकडे बंदी प्रत्यक्षीकरण म्हटलं की बेकायदा डांबलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तिथे मात्र रीतसर शिक्षा झालेला कैदीही खटल्यातल्या घटनात्मक चुकांवर याच वाटेने दाद मागतो. आणि त्याला १९९६च्या कायद्याने मुदत घातली आहे, अवघ्या एका वर्षाची. थेट अपिलं संपली की ती बहुधा सुरू होते.

‘पण राज्याच्या कोर्टात अर्ज चालू असेल तर मुदत थांबते ना?’ थांबते, तो अर्ज नियमाप्रमाणे केलेला असेल तर. पण आधी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. फ्लोरिडात मृत्युदंड झालेल्या हॉलंडचं प्रकरण बघा. सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्ज १ ऑक्टोबर २००१ला नाकारला. वकिलाने राज्याच्या कोर्टात अर्ज केला १९ सप्टेंबर २००२ला. हातात उरले १२ दिवस! तो अर्ज फेटाळला गेल्याचं वकिलाने कळवलंच नाही. हॉलंड पत्रामागून पत्रं लिहीत होता. जानेवारी २००६मध्ये तुरुंगाच्या लायब्ररीत त्याला निकाल सापडला, तोही मुदत संपून पाच आठवडे झाल्यावर. त्याने स्वतः अर्ज लिहून दुसऱ्याच दिवशी टपालात टाकला, पण उशीर झालाच होता.

राहिला वकिलाच्या चुकीचा मुद्दा. हॉलंडच्या प्रकरणात २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाने सवलतीचं दार किलकिलं केलं, पण कैद्याने स्वतः चिकाटीने पाठपुरावा केलेला हवा आणि अडचण असाधारण हवी. वकिलाने नुसते दिवस चुकीचे मोजले, तर ते चालत नाही. निर्दोषत्वाचा भक्कम नवा पुरावा असेल तर मुदत आड येत नाही, हे २०१३पासून खरं आहे. मात्र तो पुरावा पाहून ज्यूरीतल्या कोणत्याही समंजस पंचाने दोषी ठरवलं नसतं, इतका तो जबर लागतो.

आणि न्यायाधीशच चुकले तर? ओहायोच्या बोल्सची हेबिअस नाकारल्यावर अपिलाची मुदत हुकली; ती पुन्हा खुली करताना नियमाने १४ दिवस मिळायला हवे होते, न्यायाधीशांनी १७ दिले. न्यायाधीशांनी सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी त्याने, २६ फेब्रुवारी २००४ला अपील केलं. २००७मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की अपिलाला उशीर झाला, ते ऐकता येणार नाही.