‘लाल टोपी म्हणजे नर’: सुतार पक्ष्यांच्या एका फॉरवर्डला उत्तर

पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा उगवतो. थोडक्यात मजकूर असा: सुतार पक्ष्याच्या डोक्यावर लाल दिसलं की नर, नाही दिसलं की मादी. टोकटोक करून ढोली कोरतो तो नर, आत बसून अंडी उबवते ती मादी. मोठा आणि लांब चोचीचा तो नर. विणीचा हंगाम संपला की नराचा लाल रंग उतरतो. शेवटी ठसक्यात, ‘हा नियम कधीच चुकत नाही.’ एका आवृत्तीत मादी म्हणून चक्क हुदहुदचा फोटो जोडलेला आहे, पण ते सोडून देऊ. आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र हुदहुदलाच सुतार म्हणतो.

फॉरवर्ड शंभर टक्के खोटा असता तर सोपं होतं. तो अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच टिकून आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘डोक्यावर लाल तो नर, लाल नाही ती मादी.’

सुरुवात अंगणातल्या पक्ष्यापासून करू. शहरातल्या नारळावर, गुलमोहरावर, शेताच्या बांधावरच्या बाभळीवर आपल्याला सगळ्यात जास्त दिसतो तो सोनपाठी सुतार. याच्या मादीच्या डोक्यावर लाल असतं, आणि थोडंथोडकं नाही, मागचा अख्खा तुरा लालभडक असतो. फरक आहे तो कपाळावर. नराचं डोकं चोचीच्या मुळापासून तुऱ्याच्या टोकापर्यंत सलग लाल. मादीचं कपाळ आणि डोक्याचा पुढचा भाग काळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके, आणि तिथून मागे लाल. म्हणजे फॉरवर्डच्या नियमाने महाराष्ट्रातल्या सगळ्यात ओळखीच्या सुताराच्या सगळ्या माद्या नर ठरतात.

आता हे प्रत्यक्षात कसं फसवतं ते पाहा. सुतार खोडाला चिकटून बसतो आणि माणूस दिसला की हळूच खोडाच्या पलीकडे सरकतो. आपल्याला दिसते ती बहुतेक वेळा पाठ आणि डोक्याची मागची बाजू. मादी पाठमोरी असेल तर दिसतो फक्त लाल तुरा, कपाळ दिसतच नाही. वहीत नोंद होते ‘नर’. दोन पक्षी एकाच झाडावर पाठमोरे बसले की नोंद होते ‘दोन नर, बहुधा हद्दीचं भांडण’. प्रत्यक्षात ते नवराबायको असतात. त्यामुळे सोनपाठीच्या बाबतीत एकच शिस्त पाळायची: पक्ष्याने मान वळवून कपाळ दाखवेपर्यंत लिंग लिहायचं नाही. त्यातही एक बारकावा आहे. नराच्या डोक्यावरच्या लाल पिसांची बुडं काळी असतात, त्यामुळे पिसं विस्कटली किंवा झिजली की कपाळावर काळे चट्टे दिसू शकतात. काळं दिसलं एवढ्यावर मादी म्हणू नका, काळ्यावर पांढरे ठिपके शोधा.

सह्याद्रीत शिरलो की गोंधळ वाढतो, कारण तिथे सोनेरी पाठीचा आणखी एक मोठा सुतार आहे, मलबार फ्लेमबॅक. त्याच्या मादीचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत काळं, भरपूर पांढऱ्या ठिपक्यांचं, लाल अजिबात नाही. नराचा तुरा लाल. इथे फॉरवर्डचा नियम बरोबर बसतो. पण तो बसतो हे कळण्याआधी आपण सोनपाठी बघतोय की मलबार फ्लेमबॅक हे ठरवावं लागतं. त्यासाठी डोकं सोडून दुसरीकडे बघायचं: शेपटीच्या वरचा पाठीचा भाग सोनपाठीत काळा, मलबार फ्लेमबॅकमध्ये लाल. तो लाल नर-मादी दोघांतही असतो, त्यामुळे त्यावरून लिंग सांगणारे आणखी एका खड्ड्यात पडतात. गळाही बघा. सोनपाठीचा गळा काळा, पांढऱ्या रेघांचा. मलबारच्या गालावरून खाली दोन बारीक काळ्या मिश्या उतरतात.

माझं म्हणणं सगळं इथेच आहे: आधी जात, मग लिंग. उलट केलं की घोळ झालाच म्हणून समजा.

जात बदलली की नियम कसा उलटापालटा होतो याचे नमुने आपल्याच राज्यात आहेत. पांढऱ्या मानेच्या सुताराच्या नराचं डोकं लाल, मादीचं पिवळं. पिवळं म्हणजे फिकट लाल नव्हे, चांगलं हळदीसारखं पिवळं. हार्ट-स्पॉटेड हा आंबोली किंवा गोव्यातल्या मोलेमच्या रानात भेटणारा चिमणीएवढा सुतार. शेपूट एवढी आखूड की कोणीतरी छाटल्यासारखी वाटते, पाठीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. याच्या नरातही लाल नाही आणि मादीतही नाही. नराचं कपाळ काळं, मादीचं कपाळ आणि डोक्याचा पुढचा भाग पांढरट. फॉरवर्डवर भरवसा ठेवला तर या जातीत नर नावाचा प्राणीच शिल्लक राहत नाही.

तांबूस सुताराचं आणखी वेगळं. हा अंगभर तपकिरी-तांबूस, काळ्या आडव्या पट्ट्यांचा पक्षी झाडावरच्या मुंग्यांच्या काळ्या, कागदी लगद्याच्या घरट्यात स्वतःची ढोली कोरतो. त्याच्या नराला लाल रंग असतो, पण डोक्यावर नाही, डोळ्याखाली गालावर, एक छोटा डाग. मादीला तो नसतो. पक्षी सावलीत असेल किंवा पाठमोरा असेल तर तो डाग सुटतो. त्यातून मुंग्या खाताना याचं डोकं सतत हलत असतं.

सगळ्यात अवघड गडी म्हणजे तपकिरी डोक्याचा पिग्मी सुतार. लांबी जेमतेम १३ सेंटीमीटर. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक बारीक लाल रेघ. पेन टेकवल्याएवढी. पिसं मिटलेली असली की ती दिसतही नाही. वीस फुटांवरच्या फांदीवरचा पिग्मी दुर्बिणीतून बघून कुणी छातीठोकपणे ‘मादी’ म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच: ‘मला रेघ दिसली नाही.’ चांगल्या फोटोशिवाय याचं लिंग लिहूच नये असं माझं मत आहे.

मराठा सुतार, म्हणजे ज्याच्या शास्त्रीय नावातच महरट्टेन्सिस आहे तो पिवळसर डोक्याचा छोटा सुतार, इथे नियमाला थोडा मान देतो. नराच्या डोक्याचा मागचा भाग लाल, मादीचं डोकं पिवळसर तपकिरी, लाल नाही. मात्र दोघांच्याही पोटावर लाल डाग असतो. खालून फोटो काढला, पोटावरचं लाल दिसलं, आणि ‘लाल दिसलं म्हणजे नर’ असं कॅप्शन पडलं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. कॅप्शन टाकणाऱ्याचा तरी काय दोष? नियम पुढे पाठवताना ‘डोक्यावर’ हा शब्द कुठेतरी गळून पडतो.

आणि पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या उंच झाडीत हा दिसला की दिवस कारणी लागतो. लांबी ४० सेंटीमीटरच्या वर, जवळजवळ कावळ्याएवढा. नराचं अख्खं डोकं लाल आणि गालावर लाल मिशी. मादीलाही लाल असतं, पण फक्त डोक्याच्या मागच्या भागावर, आणि मिशी नाही. इथे तुऱ्यापेक्षा मिशी बघणं सोपं जातं, कारण समोरून किंवा खालून पाहिलं तरी गाल दिसतो.

मिशीला आपणच महत्त्व देतो असं नाही, पक्षीही देतात. अमेरिकेतल्या फ्लिकर नावाच्या सुतारात नराला काळी मिशी असते, मादीला नसते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जी. के. नोबल यांनी १९३६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीतल्या मादीला पकडून तिला काळी मिशी लावली. तिच्याच जोडीदाराने तिला परका नर समजून हल्ला चढवला. मिशी काढल्यावर पुन्हा स्वीकारलं. म्हणजे सुतारांमध्येही ओळख चेहऱ्यावरच्या एका खुणेवर अडलेली असते, आणि ती खूण प्रत्येक जातीत वेगळ्या जागी असते.

‘ढोली कोरतो तो नर, अंडी उबवते ती मादी.’

हा मुद्दा वाचून मला राग येत नाही, हसू येतं. आपल्या घरातली कामाची वाटणी झाडावर नेऊन टांगलेली आहे. बहुतेक सुतार जातींमध्ये ढोली दोघं कोरतात, अनेकदा नराचा वाटा जास्त असतो एवढंच. अंडी दोघं उबवतात. आणि गंमत ही की रात्री अंड्यांवर आणि लहान पिल्लांवर बसतो तो जवळजवळ सगळ्याच जातींत नर. तेव्हा संध्याकाळी ढोलीत शिरून परत बाहेर न येणारा पक्षी बघून ‘मादी आत गेली’ असं लिहिणाऱ्याने उलटी बाजू लावलेली असते. अर्थात केवळ वेळेवरून ‘नर’ असंही लिहू नका. शिरताना कपाळ बघा.

ढोल वाजवण्याचंही तसंच. सुतार वाळक्या, पोकळ फांदीवर चोचीने भराभर ठोके देतो तो आवाज म्हणजे हद्दीची आणि जोडीदारासाठीची घोषणा. बहुतेक जातींत नर जास्त वाजवतो, पण मादीही वाजवते. अन्न शोधतानाची आणि ढोली कोरतानाची ठकठक वेगळी असते, मंद आणि थांबत थांबत. ढोलीखाली ताजा भुसा दिसला तर काम चालू आहे एवढं कळतं. काम कोणाचं ते नाही.

‘मोठा, लांब चोचीचा तो नर.’

पक्षी हातात घेऊन मोजपट्टी लावणाऱ्यांना अनेक जातींत नराची चोच थोडी लांब मिळते हे खरं. कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरच्या सुतारात तर नराची चोच मादीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने लांब असते, आणि दोघं अन्नही थोडं वेगळ्या पद्धतीने शोधतात. पण ते टोकाचं उदाहरण आहे. आपल्या जंगलात, तीस फुटांवर, पानांच्या आड, एकट्या पक्ष्याची चोच ‘लांब’ आहे हे कशाच्या तुलनेत म्हणायचं? हा मुद्दा फॉरवर्डमधून काढून टाकला तर कुणाचंही काही अडणार नाही.

‘हंगाम संपला की नराचा लाल रंग उतरतो.’

नाही उतरत. प्रौढ नराच्या डोक्यावरचं लाल वर्षभर असतं. बगळ्यासारखी विणीच्या काळापुरती सजावट सुतारात नाही. पण या समजुतीमागे एक खरं निरीक्षण दडलेलं असावं, ते म्हणजे पिल्लं. सोनपाठीची ढोलीतून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं मादीसारखी दिसतात, फक्त रंग मळकट आणि कपाळावरचे ठिपके नीट उठून न दिसणारे. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर एकदम ‘माद्या’ वाढल्यासारख्या वाटतात त्या यामुळे. एक ‘मादी’ दुसऱ्या ‘मादी’ला भरवतानाचा फोटो मिळाला तर त्यातली दुसरी कदाचित तिचा मुलगा असेल.

युरोपातल्या ग्रेट स्पॉटेड सुतारात तर उलटं आहे. तिथे नर-मादी दोन्ही पिल्लांच्या डोक्यावर लाल टोपी असते. मोठी झाल्यावर ती जाते, नराच्या मानेमागे फक्त एक लाल पट्टा राहतो आणि मादीच्या डोक्यावर लाल काहीच नाही. परदेशात राहणारे आपले मित्र हा फॉरवर्ड वापरून बागेतल्या पिल्लांची वर्गवारी करत असतील तर त्यांनी जून-जुलैत जरा दम धरावा.

‘हा नियम कधीच चुकत नाही.’

वरचं सगळं वाचल्यावर याला वेगळं उत्तर लागू नये, पण दोन गोष्टी राहिल्यात. अमेरिकेतल्या रेड-हेडेड वुडपेकरमध्ये नर-मादी दोघांचंही अख्खं डोकं लाल असतं आणि बाहेरून फरक कळत नाही. त्याचे देखणे फोटो आपल्याकडे ‘नर सुतार’ म्हणून फिरतात. दुसरं टोक म्हणजे विल्यमसन्स सॅपसकर, हाही अमेरिकेतलाच एक सुतार. नर काळा, लाल गळ्याचा. मादी तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची. दोघं इतके वेगळे दिसतात की १८५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांना दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवलं. १८७३ मध्ये हेन्री हेन्शॉ यांनी त्यांना एकाच घरट्याशी पाहिलं तेव्हा उलगडा झाला. अभ्यासकांनाही घरटं पाहिल्यावरच कळलं ते आपण एका ओळीच्या नियमावर कसं सांगणार?

आपल्याकडे हिवाळ्यात माळरानावर आणि झुडपांत येणारी मानमोडी, म्हणजे रायनेक, हीसुद्धा सुतारांच्याच कुळातली. खोडाच्या सालीसारखे रंग, लाल कुठेच नाही, नर-मादी दिसायला सारखे. तिच्या नोंदीत लिंगाचा रकाना रिकामा सोडायचा. पाठमोरा सोनपाठी, सावलीतला तांबूस, उंचावरचा पिग्मी यांच्याही नोंदीत तेच करायचं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना लिंग न लिहिता नुसती संख्या लिहिली तरी यादी पूर्ण धरली जाते.