समुद्र येणार आहे, निविदा काढा

समुद्रकाठचे एखादे शहर हवामानबदलापासून वाचवण्याची जबाबदारी आपल्यावर आलीच, तर सर्वप्रथम कृती आराखडा प्रसिद्ध करावा आणि तो प्रसिद्ध झाला हीच कृती मानावी. मुंबईचा आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ सभागृहात प्रश्न विचारायला कोणी उरले नाही. असा योग प्रत्येक शहराच्या नशिबी नसतो.

२०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालय परिसराचा मोठा भाग पाण्याखाली जाईल, असे तत्कालीन पालिका आयुक्तांनी ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. अशा भाकिताने खचू नये. समुद्र आत शिरणार असेल, तर आपण आधी त्याच्यात शिरावे. मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा रस्त्यासाठी १११ हेक्टरांचा भराव घालून आपण तसे केलेही. मग त्या भरावाला लाटांपासून वाचवण्यासाठी जी भिंत बांधावी लागते, तिची नोंद किनारा संरक्षणाच्या रकान्यात करावी.

पाणी कोठवर येऊ शकते, हे दाखवणारी धोक्याची रेषा शासनाच्या नकाशावर असते. ती पुसण्याचे कारण नाही. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी राखून ठेवली आणि त्याच अधिसूचनेने शहरी किनाऱ्यावर वर्षानुवर्षे गोठवलेला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण, मोकळा केला. आपत्ती आणि तिचे व्यवस्थापन अशी दोन्ही खाती त्यामुळे सुरू राहतात.

खारफुटीबाबत मात्र नेहमी भावपूर्ण बोलावे. लाटांचा जोर मोडणारी, गाळ धरून ठेवणारी ही झाडे फुकट काम करतात; सबब त्यांच्या कामाचे देयक निघत नाही आणि देयक नसलेल्या कामाचे उद्घाटन करता येत नाही. वर्सोवा ते भाईंदर रस्त्यात ४५ हजारांहून अधिक खारफुटी बाधित होणार म्हणून हळहळणाऱ्यांना भरपाईच्या वनीकरणाची माहिती द्यावी. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातली जमीनही दाखवलेली आहे. भरतीचे पाणी चंद्रपूरला पोहोचेल, तेव्हा तेथली झाडे सज्ज असतील.

आता स्थानिकांशी सल्लामसलत. ती अवश्य करावी, पण खांबांची जागा ठरल्यावर. वरळी कोळीवाड्यातल्या नाखव्यांचे म्हणणे साधे होते: क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात, त्या वाटेवर सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवले, तर वारा आणि पाण्याची ओढ एकदम आल्यावर होडी खांबावर आदळेल. ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यात गेल्या, त्यांचे हे मत अर्थातच तांत्रिक नव्हते, म्हणून ६० मीटर पुरेसे आहेत असे त्यांना वारंवार समजावून सांगण्यात आले. त्यांनी होड्या नेऊन समुद्रातले काम अडवले, वाटाघाटी लांबल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. हाच निर्णय आरंभी घेतला असता, तर एवढ्या बैठका कोठून झाल्या असत्या?

पावसाळ्याची तयारी त्या मानाने सोपी आहे. ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या जुन्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ५० वर नेण्याची योजना १९९३ च्या अहवालापासून आपल्याजवळ आहे आणि ती जपून वापरल्याने अजून टिकली आहे. तोवर जमिनीखाली जावे. १० मे २०२५ रोजी सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात २६ मे रोजी पाणी शिरले. एखाद्या स्थानकाने शहराच्या चालीरीती इतक्या लवकर आत्मसात केल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही.

पाणी तुंबल्यावर वार्ताहर येतील. प्रथम २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर ऐकवावेत. त्यापुढे कोणताही पाऊस किरकोळच ठरतो. तरीही कोणी हटून बसला, तर मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्याचे सांगावे. भरतीच्या तारखा, वेळा आणि लाटांची उंची यांचे वेळापत्रक पालिका पावसाळ्याआधीच प्रसिद्ध करते; ते त्या वेळी टेबलावर मात्र ठेवू नये.