"डागाळलेलं नाणं दुप्पट भावात विकलं" या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की १९३७ चं डेन्व्हर मिंटचं ओरेगॉन ट्रेल हाफ डॉलर आम्ही काळंनिळं डागाळलेलं असूनही पांढऱ्या नाण्याच्या दुप्पट भावात तुमच्या गळ्यात मारलं, घरी चांदीच्या पॉलिशने घासल्यावर ते साधंच निघालं, म्हणजे रंग केमिकलने दिलेला होता, आणि आता आम्ही परत घेत नाही. उत्तर थोडं लांब होईल पण इथे न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी हल्ली जुनी अमेरिकन कमेमोरेटिव्ह, म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेली नाणी, घ्यायला लागलीयत, त्यांनाही उपयोग होईल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

भाव जास्त घेतला हे खरंय, आणि तो त्या रंगाचाच घेतला. बिलावर "ओरिजिनल टॅब टोनिंग, साफ करू नये" असं लिहिलेलं आहे (टोनिंग म्हणजे चांदीवर आपोआप चढलेला रंग) आणि काउंटरवर मी ते नाणं दिव्याखाली फिरवून तुम्हाला दाखवलंही होतं. वॅगनचं चित्र असलेल्या बाजूवर काठाने गडद निळा, त्याच्या आत जांभळट तांबूस, मग सोनेरी, आणि मध्ये बैलांच्या अंगावर जवळजवळ पांढरी चांदी. तो मधला पांढरा पट्टा म्हणजेच त्या नाण्याचा दाखला होता. तीसच्या दशकात ही नाणी पुठ्ठ्याच्या होल्डरमधून ग्राहकांना पाठवायचे, गोल भोकात नाणं आणि ते पडू नये म्हणून वरून कागदाची पट्टी, हाच तो टॅब. पुठ्ठ्यातलं गंधक वर्षानुवर्षं चांदीवर हळूहळू बसत जातं, काठाला सगळ्यात जास्त, आणि पट्टीखाली झाकलेल्या भागावर जवळजवळ नाही. कुणीतरी ते त्या होल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलं आणि अनेक दशकं हात लावला नाही म्हणून तो पट्टा उमटला.

आता केमिकलबद्दल. पॉलिशने रंग गेला म्हणजे तो खोटा होता असं होत नाही, खरा टोनिंगही पॉलिशने जातोच. हे नाणं ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचं, चांदीवर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि प्रकाश त्या थराच्या वरूनही परततो आणि खालच्या धातूवरूनही, त्या दोन्हींच्या मेळातून आपल्याला रंग दिसतात. थर पातळ असेल तर सोनेरी, जरा जाड झाला की तांबूस जांभळा, मग निळा, त्याच्या पुढे हिरव्या गुलाबीचा दुसरा फेरा. म्हणून खऱ्या नाण्यावर रंग बहुतेक याच क्रमाने एकात एक विरत जातात, आणि खालची चकाकी जिवंत असते, नाणं तिरकं करून फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. गंधकाचं रसायन किंवा उष्णता वापरून घाईत आणलेला रंग बऱ्याचदा क्रम सोडून असतो, पृष्ठभागावर तरंगल्यासारखा दिसतो, आणि मुख्य म्हणजे आधीच्या घासण्याच्या ओरखड्यांवरूनही तसाच पसरलेला असतो. तुमचं नाणं विकण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मी काढले होते, ते सोबत टाकतोय, कुणीही जाणकाराने बघून सांगावं.

ग्रेडिंगवाल्यांचंही, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांचंही हेच आहे, पीसीजीएस असो की एनजीसी, रंग संशयास्पद वाटला तर ते साधा ग्रेड देत नाहीत, आणि घासलेल्या नाण्यालाही देत नाहीत, त्यावर "क्लीन्ड" असा शेरा येतो. तुम्ही रिव्ह्यूसोबत जो फोटो लावलाय त्यात मोकळ्या जागेत एकाच दिशेने बारीक रेघा स्पष्ट दिसतायत, आणि चकाकी फिरत नसणार हे मी फोटोवरूनही सांगू शकतो. त्या रेघा आता निघणार नाहीत. नाणं परत न घेण्याचं कारण एवढंच आहे, आमची दहा दिवसांची रिटर्न पॉलिसी "दिलं त्या स्थितीत" अशी आहे आणि मी जे दिलं ते आता कुणाकडेच नाही. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय, पैशांसाठी नाही, त्या वर्षी डेन्व्हरला ही साधारण बाराच हजार पाडली होती आणि असा नीट पट्टा असलेली त्यातली थोडीच.

तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. आपल्याकडे गणपती आले की चांदीची भांडी, निरांजनं, ताम्हण सगळं घासून लखलखीत करायचं हीच सवय, काळी पडलेली चांदी म्हणजे दुर्लक्ष केलेली चांदी. इथेही बराच काळ लोकांना पांढरीशुभ्र नाणीच हवी असायची, विकणाऱ्यांनी ती ढिगाने डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळवणाऱ्या रसायनात, बुडवून काढली. डिप प्रत्येक वेळी चांदीचा वरचा थरही थोडा घेऊन जातो आणि दोनचार वेळा केलं की नाणं मेलेलं दिसतं. न छेडलेली नाणी अशाने कमी होत गेली आणि सुंदर रंगाच्या नाण्याला लोक जास्त पैसे मोजू लागले.

प्रत्येक रंगलेल्या नाण्याला मी जास्त मागतो असंही नाही बरं का. १८९२-९३ चे कोलंबियन हाफ, म्हणजे शिकागोच्या प्रदर्शनाचे, अमेरिकन कमेमोरेटिव्ह हाफ डॉलरमधले पहिले, त्यातले बरेचसे तपकिरी राखाडी मळकट असतात, ते मी साध्या भावातच देतो. थर पार काळा झाला असेल तर तो खालचा धातू खातोय असं समजावं, तो घेऊच नका. आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटातून येणारा चिकट हिरवा थर हा टोनिंग नाहीच, तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये न घासता नुसता धुवून काढावाच लागतो, उशीर केला तर नाणं जातं. याउलट १९४६ च्या आयोवाच्या नाण्यावर येणारी हलकी सोनेरी छटा बघा, भाव बेताचाच असतो आणि सुरुवातीला घ्यायला माझ्या मते त्याहून चांगलं काही नाही.

तुमच्यासाठी मी काय करू शकतो ते सांगतो. तुम्हाला स्वच्छ पांढरंच आवडत असेल तर तसंच ओरेगॉन, पीसीजीएसच्या स्लॅबमधलं (सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं), खरेदीच्या भावात देईन, त्यात माझा नफा नको. तुमच्याकडचं नाणं कृपा करून आणखी घासू नका, ते आहे तसंच बिनपीव्हीसीच्या पाकिटात ठेवा, इतिहासाचा तुकडा म्हणून ते अजूनही मुलाला दाखवण्यासारखं आहे. स्टार एकच ठेवायचा असेल तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे, पण "केमिकलचा रंग" हे वाक्य मात्र फोटो बघून झाल्यावर काढा अशी विनंती आहे, कारण ते खरं नाही. शनिवारी दुपारी मी स्वतः दुकानात असतो, दोन्ही नाणी दिव्याखाली शेजारी ठेवून बघू.